गावकुसाबाहेरचे चिनी

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील विहाराच्या सभेपुढे मी एक ठराव ठेवला होता. सभेने तो फेटाळला असे म्हणता येत नाही. फेटाळला असता तर निदान वाद झाला असता, दोन शब्द मला ऐकावे लागले असते आणि दोन ऐकविता आले असते. तसे काही घडले नाही. ‘विषय आपला नव्हे’ या तीन शब्दांनी तो बाजूस सारण्यात आला आणि सभा वर्गणीच्या हिशेबाकडे वळली. ठराव कलकत्त्यातील चिनी वस्तीविषयी होता. ज्यांनी हे तीन शब्द उच्चारले ते वयाने व अधिकाराने माझ्याहून ज्येष्ठ आहेत. १९५६ च्या ऑक्टोबरात वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी नागपूरचा तो जनसागर पाहिलेला आहे. त्यांचा अनादर करण्याचे माझ्या मनात नाही. परंतु मी त्यांना आणि आपणांस नम्रपणे विचारतो : हे तीन शब्द आपण यापूर्वी कोठे ऐकले आहेत, हे आठवते काय? १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी आपण ओंजळीत घेतले तेव्हा या देशातील किती सभा, किती परिषदा, किती वृत्तपत्रे ‘विषय आपला नव्हे’ म्हणून आपापल्या हिशेबाकडे वळली होती? तेच वाक्य आज आपल्या तोंडी यावे, आणि तेही बुद्धमूर्तीच्या समोर बसून यावे, हे मला सहन झाले नाही. म्हणून हा लेख.

कलकत्ता शहराच्या पूर्वेस टांगरा नावाचा भाग आहे. त्याच्या पलीकडे धापा, जेथे त्या अवाढव्य शहराचा केरकचरा पिढ्यानपिढ्या नेऊन टाकला गेला. जमीन पाणथळ, हवा कोंदट, डासांचे राज्य. विसाव्या शतकाच्या आरंभी हाक्का भाषा बोलणारे चिनी लोक तेथे जाऊन वसले आणि त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने घातले. महाराष्ट्रातील आपल्या माणसाला एवढ्यावरूनच एक खूण पटावी. आमचा महारवाडा गावाच्या कोणत्या अंगास असे? बहुधा पूर्वेस; कारण वारा पश्चिमेकडून वाहतो, आणि आमच्या अंगावरून गेलेला वारा गावाच्या नाकात जाता कामा नये. कलकत्त्यासारख्या आधुनिक, सुधारलेल्या, साहित्य-संगीताचा अभिमान वाहणाऱ्या शहराने कातडे कमावणाऱ्यास जागा दिली तीही पूर्वेस, उकिरड्याच्या शेजारी. ही वाऱ्याची दिशा महत्त्वाची आहे, वाचकहो. ती भूगोलाच्या पुस्तकात सापडत नाही.

चिनी लोक बंगालमध्ये आले ते मात्र याच्या पुष्कळ आधी. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, अठराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात, तोंग अचिऊ नावाचा एक चिनी गृहस्थ बजबजच्या जवळ हुगळीच्या काठी जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढता झाला. त्याच्या नावावरून त्या गावास आजही अचिपूर म्हणतात, आणि कलकत्त्याचे चिनी नववर्षानंतर तेथे त्याच्या थडग्याच्या दर्शनास जातात. पुढे शहराच्या मध्यभागी, लालबाजारच्या लगत, टिरेटा बाजारात त्यांची जुनी वस्ती झाली. कँटनकडचे लोक सुतारकामात निष्णात. हुपे प्रांताकडचे दातांचे वैद्य. आणि हाक्का लोक चामड्याचे व जोड्यांचे धंदेवाईक. बेंटिंक स्ट्रीटवरील त्यांची जोड्यांची दुकाने एके काळी साऱ्या हिंदुस्थानात प्रसिद्ध होती. येथे कोणी म्हणेल की, ही तर त्यांचीही जातव्यवस्थाच झाली. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. हाक्का कुटुंबे बहुतांशी हाक्का कुटुंबांतच सोयरीक करीत आली आहेत, आणि पोटजातीबाहेर लग्न न करणे हेच जातीचे मूळ, असे बाबासाहेबांनी १९१६ सालच्या आपल्या निबंधात दाखवून दिलेच आहे. परंतु सुतार वर आणि चांभार खाली, अशी शिडी तेथे नव्हती. दाताच्या वैद्याची सावली जोडे शिवणाऱ्याच्या स्पर्शाने विटत नव्हती. धंदे निराळे असणे वेगळे आणि माणसे श्रेणी लावून रचून ठेवणे वेगळे.

आता कातड्याकडे वळू, कारण या प्रश्नाची गाठ तेथे आहे. मिठात घालून आलेले ओले कातडे आधी पाण्यात भिजवायचे, मग चुन्याच्या कुंडात टाकायचे, केस सुटले की ते खरवडायचे, आतल्या बाजूचे मांस काढायचे, पुन्हा धुवायचे आणि मग ते कमवायचे. आमचा ढोर हे काम तरवडाची व बाभळीची साल आणि हिरडा वापरून करीत आला. टांगऱ्यातील चिन्याने पुढे क्रोमचे क्षार आणि लाकडाचे मोठे फिरते पिंप आणले. फरक इतकाच. दुर्गंधी तीच, हात सोलवटणारा चुना तोच, कातडे त्याच मेलेल्या जनावराचे. महायुद्धाच्या काळात सैन्याला बूट हवे होते, पट्टे हवे होते, खोगिरे हवी होती. मागणी वाढली आणि टांगरा वाढले. उंच भिंतींच्या आत कारखाना, कारखान्याच्याच आवारात राहते घर, दाराशी लोखंडी फाटक, अशा घरांच्या ओळीच्या ओळी तेथे उभ्या राहिल्या.

हा धंदा परक्या माणसाला मोकळा का सापडला? बंगालमध्ये भांडवल असलेले हिंदू नव्हते काय? होते. व्यापारात मुरलेले होते, नफ्याचा वास ओळखणारे होते. परंतु कातड्याचा वास त्यांच्या धर्माला सोसत नव्हता. विटाळाच्या भयाने सवर्ण हिंदू ज्या धंद्यापासून दूर राहिला तो धंदा चिन्याने उचलला आणि त्यावर घरे बांधली, शाळा काढल्या, मंदिरे उभारली. म्हणजे अस्पृश्यतेने हिंदूंचेच नुकसान केले, असे आता अर्थशास्त्राचे पंडित म्हणतील. त्यांच्या नुकसानीची चिंता वाहण्याचे काम मी त्यांच्यावरच सोपवितो. मला प्रश्न पडतो तो दुसराच. तेच कातडे आमच्या ढोराने शतकानुशतके कमावले. त्याच्या हातालाही कसब होते. मग चिनी कारखानदार झाला आणि ढोर ढोरच का राहिला?

क्षणभर ते चित्र डोळ्यांपुढे आणा. एक उच्चवर्णीय भद्र गृहस्थ बेंटिंक स्ट्रीटवरील दुकानात खुर्चीवर बसून पाय पुढे करतो. चिनी कारागीर खाली बसून त्याच्या पायाला हात लावतो, माप घेतो, जोडा चढवून पाहतो. गृहस्थ पैसे मोजतो, ‘मिस्टर’ म्हणून त्याचा निरोप घेतो आणि घरी जातो. त्याला स्नान करावे लागत नाही. त्याच गृहस्थाच्या मूळ गावी त्याचे जोडे शिवणारा चांभार ओसरीच्या खाली उभा राहतो, आणि त्याच्या हातावर पैसे वरून टाकले जातात. दोघेही चामडे शिवतात. तेव्हा विटाळ चामड्यात असता तर तो चिन्याच्या बोटांनाही लागला असता. विटाळ चामड्यात नाही. तो जन्मात कल्पिलेला आहे. जातिसंस्था कामाची वाटणी करीत नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या आणि तेथे होऊ न दिलेल्या भाषणात मांडला. त्याचा पुरावा कोणास हवा असेल तर त्याने ग्रंथालयात जाऊ नये, टांगऱ्यास जावे.

आणि तेथे गेल्यावर त्याने फाटकाच्या आतही डोकावून पाहावे. कुंडात उतरणारे हात सर्व चिनी नव्हते. मालक आणि त्याचे कुटुंब राबत होते हे खरे. परंतु मजूर म्हणून जे लोक आणले गेले त्यांत बिहारमधून आलेले चर्मकार पुष्कळ होते. चिनी मालकाने त्यांना अस्पृश्य मानले नाही, तथापि मजूर मानले. आणि मालक तो मालकच. ही गोष्ट मी लपवीत नाही. उलट माझ्या म्हणण्यास तिच्यामुळे अधिक धार येते. समुद्र ओलांडून रिकाम्या हाताने आलेला माणूस दोन पिढ्यांत त्या धंद्याचा धनी झाला, आणि ज्याच्या रक्तात तो धंदा हजारो वर्षे सक्तीने भिनविला गेला तो त्याच धंद्यात रोजंदार राहिला. कारण चिन्याच्या पाठीशी त्याची भाऊबंदकी होती, उधार देणारा जातभाई होता, आणि ‘हे काम तुझे प्राक्तन आहे’ असे सांगणारे शास्त्र त्याच्या मानेवर बसलेले नव्हते. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने टांगरा, तिलजला, तोपसिया येथील कारखाने प्रदूषणाच्या कारणास्तव शहराबाहेर बानतला येथे हलविण्याचा हुकूम दिला. न्यायालयाचा हेतू योग्यच होता. ते पाणी विषारी होते. परंतु कारखाने गेले तेव्हा मालकापाशी निदान जमीन उरली, तिच्यावर त्याने उपाहारगृह काढले. मजुरापाशी काय उरले, याची चौकशी करणारा लेख माझ्या वाचनात आलेला नाही.

‘पण चिन्यांचा आणि आमच्या इतिहासाचा काय संबंध?’ असे विचारणाऱ्यांना मी पंधराशे वर्षे मागे नेतो. गुप्त राजांचा काळ म्हणजे हिंदूंचे सुवर्णयुग, असे आपल्या मुलांना आजही शिकविले जाते. त्या सुवर्णयुगात, पाचव्या शतकाच्या आरंभी, फाहियान नावाचा एक चिनी भिक्षू या देशात पायी आला. त्याला राजाकडून काही नको होते. विनयाचे ग्रंथ हवे होते. त्याने लिहून ठेवले की, चांडाळ वस्तीबाहेर राहतात, आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकडावर ठोका वाजवून आपली चाहूल देतात, म्हणजे इतरांना त्यांचा स्पर्श टाळता यावा. दोन शतकांनी ह्युएनत्संग आला. तो आमच्या महाराष्ट्रातही, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, येऊन गेला. त्यानेही खाटीक, कोळी, झाडूवाले इत्यादींची घरे नगराबाहेर असल्याचे नमूद केले. अस्पृश्यतेचा जन्म कधी झाला याचा शोध घेताना बाबासाहेबांनी १९४८ सालच्या आपल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात या दोन्ही चिनी भिक्षूंची साक्ष तपासली आहे. पाहा, वाचकहो : आमच्यावर काय बेतले होते हे शेजारच्या घरातल्या पंडिताने लिहिले नाही, त्याने आम्हांला शिक्षा काय द्यावी एवढेच लिहिले. आमची कैफियत ज्याने डोळ्यांनी पाहिली तशी लिहिली तो चीनहून आलेला बुद्धाचा अनुयायी होता. आज त्याच्या देशातील माणसे आमच्या देशात गावकुसाबाहेर राहतात, आणि त्यांची कैफियत लिहिणे हा आमचा विषय नव्हे!

अलीकडे या वस्तीविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ छापून येते. रविवारी पहाटे टिरेटा बाजारात वाफाळलेल्या पावांचा न्याहारीचा बाजार कसा भरतो, टांगऱ्यातील कोणत्या उपाहारगृहात कोणता पदार्थ चांगला मिळतो, नववर्षाला सिंहनृत्य कसे होते, हे सारे छायाचित्रांसह येते. माझी त्याला हरकत नाही. लोकांनी खावे आणि आनंद करावा. परंतु ज्या माणसाच्या चुलीचे कौतुक करायचे त्याच्या नागरिकत्वाविषयी अवाक्षर काढायचे नाही, ही रीत मला ओळखीची वाटते. आमच्या तमाशाचे कौतुक झाले नाही काय? आमच्या हलगीचे, आमच्या लावणीचे, आमच्या पोवाड्याचे झाले नाही काय? हलगी वाजविणारा मात्र वाड्याच्या बाहेरच उभा राहिला.

याच लेखांतून आणखी एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. टांगऱ्यात एक काली मंदिर आहे. तेथील चिनी लोक देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवितात. झाले! भारतीय संस्कृतीच्या सहिष्णुतेचा हा केवढा पुरावा, असे म्हणून लेखक लेखणी खाली ठेवतो. टांगऱ्यातील चिन्याने कोणाला नैवेद्य दाखवावा हा सर्वस्वी त्याचा प्रश्न आहे. त्यांच्यात क्वान यिनचे, म्हणजे अवलोकितेश्वराच्या स्त्रीरूपाचे उपासक आहेत, क्वान कुंगचे भक्त आहेत, पूर्वजांपुढे उदबत्ती लावणारे आहेत, ख्रिस्ती झालेलेही पुष्कळ आहेत. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने त्यांना जो हक्क दिला तोच आम्हांला दिला. प्रश्न त्यांच्या भक्तीचा नसून त्या भक्तीवर टाळी वाजविणाऱ्यांचा आहे. अल्पसंख्याकाने बहुसंख्याकाच्या देवीपुढे हात जोडले की तो ‘आपला’ होतो आणि न जोडले तर त्याचा पुरावा मागितला जातो. मग या आपलेपणाला सहिष्णुता म्हणावयाचे की भाडे? आम्हीदेखील देवळाबाहेर उभे राहून हात जोडीत होतो तोवर आम्ही हिंदूच होतो. नागपुरास बावीस प्रतिज्ञा घेताच आम्ही धर्मबुडवे ठरलो, आणि १९९० साली कायदा बदलेपर्यंत केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतून बौद्ध बाहेर राहिला. चौतीस वर्षे! तेव्हा हात न जोडण्याची किंमत काय असते हे निदान आम्हांला कोणी शिकवू नये.

आणि त्या काली मंदिराच्या वस्तीला हात जोडूनही काय मिळाले, ते आता सांगतो.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनच्या सैन्याने आपल्या सीमेवर आक्रमण केले. येथे एक गोष्ट स्वच्छ करून ठेवतो. चीनच्या सरकारविषयी आमच्या मनात कधी भाबडेपणा नव्हता. दिल्लीत पंचशीलाचे गोडवे गायिले जात असताना, १९५४ साली, राज्यसभेत उभे राहून त्या धोरणावर आणि तिबेटच्या प्रश्नावर कठोर टीका करणारे बाबासाहेबच होते. बुद्धाचे नाव राजकारणाच्या खुंटीला टांगले जात असल्याचे त्यांना दिसत होते. तेव्हा आम्ही चीनची वकिली करतो, असा आरोप कोणी करू नये. ज्यांनी त्या काळी मिठ्या मारल्या त्यांनी तर मुळीच करू नये.

२६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस परकीयांविषयीच्या कायद्यात वटहुकुमाने बदल करण्यात आला आणि पुढे त्याचा कायदाही झाला. त्यात काय होते? जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकी कोणी, किंवा ज्याच्या आजी-आजोबांपैकी कोणी, भारतावर आक्रमण करणाऱ्या देशाचा कधीही नागरिक अथवा प्रजाजन होता, त्याला परकीयाप्रमाणे वागविता यावे, अशी ती तरतूद होती. वाचकहो, ही ओळ पुन्हा वाचा. त्या माणसाने काय केले हे या कायद्याला विचारावयाचे नव्हते. तो कोणाच्या पोटी जन्मला, आणि त्याचा बाप कोणाच्या पोटी जन्मला, हे विचारावयाचे होते. तीन पिढ्या मागे जाऊन माणसाचा दर्जा ठरविणारा कायदा आम्ही यापूर्वी पाहिलेला आहे. त्याला स्मृती म्हणत असत, आणि तिची एक प्रत आम्ही २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली.

त्या कायद्याखाली आसामातून, शिलाँगहून, दार्जिलिंगच्या भागातून, आणि इतर ठिकाणांहूनही, चिनी वंशाच्या लोकांना पकडण्यात आले. वरच्या आसामात माकुम नावाचे गाव आहे. चहाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी आणलेल्या चिनी मजुरांची ती जुनी वस्ती. त्यांतील अनेकांनी स्थानिक स्त्रियांशी लग्ने केली होती, त्यांच्या मुलांची भाषा आसामी झाली होती. त्यांनाही उचलले. रीता चौधुरी यांनी ‘माकाम’ या आसामी कादंबरीत ही हकीकत जगापुढे आणली तोवर पन्नास वर्षे होत आली होती. पकडलेल्यांत म्हातारे होते, बाळंतिणी होत्या, शाळकरी मुले होती. सुमारे तीन हजार माणसे आगगाडीने राजस्थानात देवली येथील छावणीत नेण्यात आली. (विदर्भातील वाचकांनी ही आपली वर्ध्याजवळची देवळी समजू नये.) ही तीच देवली, जेथे इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जयप्रकाश नारायण यांच्यासारख्या राजबंद्यांना डांबले होते. इंग्रज गेला, काटेरी तार राहिली; आतले कैदी तेवढे बदलले.

यांपैकी कोणी हेर असेल तर त्याच्यावर खटला भरावयाचा होता. न्यायाधीशासमोर आरोप ठेवावयाचा होता, पुरावा आणावयाचा होता. पाळण्यातल्या मुलावर कोणता आरोप ठेवणार? खटला न चालविता, गुन्हा न सांगता, कुटुंबेच्या कुटुंबे डांबण्यात आली. चीनने २१ नोव्हेंबर १९६२ रोजी एकतर्फी युद्धबंदी केली. म्हणजे लोकांना गाड्यांत भरणे चालू होते तेव्हाच लढाई थांबली होती. तरीही छावणी काही वर्षे चालली आणि शेवटचे कैदी १९६७ साली सुटले. काहींना १९६३ मध्ये जहाजांतून चीनला पाठविण्यात आले, आणि त्यांत असेही होते ज्यांनी चीन पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. छावणीत मुले जन्मली. त्यांच्यापैकीच जॉय मा यांनी दिलीप डिसूझा यांच्यासह २०२० साली या छावणीवर ग्रंथ लिहिला आहे. मुंबईत तो मिळतो. आमच्या किती वाचनालयांनी घेतला आहे?

देवलीला न गेलेल्या कलकत्त्याच्या चिन्यांचे काय झाले? त्यांना पोलिस ठाण्यात हजेरी लावणे आले, शहराबाहेर जाण्यास परवाना घेणे आले. नोकऱ्या गेल्या, दुकाने मोडली, मालमत्ता शत्रूची म्हणून सरकारी अभिरक्षकाकडे गेली. १९६८ साली त्यासंबंधी कायदा झाला आणि २०१७ साली तो अधिक कडक करण्यात आला : शत्रूचा वारस भारताचा नागरिक असला तरी मालमत्तेपुरता तो शत्रूच. पुन्हा तेच. बापाचा कलंक मुलाच्या कपाळी, आणि मुलाच्या नागरिकत्वाने तो पुसला जात नाही. हळूहळू माणसे निघून गेली. कोणी टोरंटोस गेले, कोणी ऑस्ट्रेलियात. ज्या वस्तीत हजारोंनी माणसे नांदत होती तेथे आता थोडकी उरली आहेत. टांगऱ्याची चिनी शाळा विद्यार्थ्यांअभावी बंद पडली. १९६९ पासून तेथून निघणारे चिनी भाषेतील वृत्तपत्र कोरोनाच्या साथीच्या काळात संपले. मूकनायक बंद पडला तेव्हा आपणांस काय वाटले असेल, ते ज्यांना कळते त्यांना या एका वाक्यापुढे मी अधिक लिहिण्याची गरज नाही.

मूलभूत हक्कांसाठी न्यायालयाचे दार ठोठावण्याचा जो अधिकार, त्या बत्तिसाव्या कलमाला बाबासाहेबांनी संविधान सभेत संविधानाचा प्राण मानले होते. आणीबाणीत नेमके तेच दार बंद झाले. ती तरतूदही त्याच संविधानात होती, हे मी जाणतो. आणि जो कोणी मला हे ऐकवील त्याला मी एवढेच सांगेन की, तरवार म्यानात ठेवण्यासाठी दिली असताना ती शेजाऱ्याच्या पोरावर उपसणाऱ्याचा दोष लोहाराच्या माथी मारू नये. ती आणीबाणी १९६८ च्या जानेवारीपर्यंत चालली. लढाई एक महिना, आणीबाणी पाच वर्षांहून अधिक. १९६२ साली चिनी वंशाच्या मूठभर लोकांवर हे चालले असताना ‘विषय आपला नव्हे’ म्हणून जे गप्प बसले, त्यांच्यापैकी किती जण १९७५ साली स्वतःच गजाआड गेले, ते त्यांनाच ठाऊक.

आता आपल्या अंगणाकडे या. मुंबईत माझगावला, गोदीच्या जवळ, १९१९ साली बांधलेले एक चिनी मंदिर आहे. गोदीवर आलेल्या चिनी खलाशांचे ते आश्रयस्थान. त्याच गोदीत आमचे आजे-पणजे ओझी वाहत होते. क्वान यिनच्या त्या मूर्तीपासून आमच्या चाळी कोसभरही दूर नव्हत्या. परंतु आम्ही कधी गेलो? आम्ही चिनी म्हणून ओळखतो ती नाक्यावरची गाडी. तिचा चालक बहुधा आपल्याच वस्तीतला पोरगा असतो, आणि ती गाडी त्याच्या घरची चूल पेटविते, म्हणून तिच्याविषयी मी वाकडा शब्द बोलणार नाही. मी बोलणार आहे त्या गाडीभोवती उभे राहून, मणिपूरच्या किंवा अरुणाचलच्या मुलीला पाहून ‘चिंकी’ म्हणणाऱ्या आपल्या पोरांविषयी. होय, आपल्या. निळा झेंडा गाडीला लावून तोंडाने हा शब्द उच्चारणारी पोरे मी ऐकली आहेत. त्यांना ठाऊक आहे काय की मोनपा, खामती, चकमा हे लोक आम्ही धम्म स्वीकारण्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून बुद्धाला शरण गेलेले आहेत? २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलच्या एका तरुण विद्यार्थ्याला दिल्लीत त्याच्या रूपावरून हिणवून मारहाण झाली व तो मरण पावला, हे त्यांनी वाचले आहे काय? आणि २०१२ साली केंद्रीय गृहखात्याने राज्यांना असे कळविले की ईशान्येकडील अनुसूचित जमातीच्या माणसाला अशा शब्दाने अपमानित केल्यास ॲट्रॉसिटीचा कायदा लागू करता येईल. तो आमचा कायदा, वाचकहो. आमच्या रक्ताने लिहिला गेलेला. त्याखाली आमचेच पोरगे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले तर त्याला आम्ही काय म्हणून सोडविण्यास जाणार?

अमेरिकेने १९४२ साली जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना असेच छावण्यांत कोंडले होते. १९८८ साली त्या देशाने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर भरपाई दिली. कॅनडानेही त्याच वर्षी माफी मागितली. देवलीचे जे कैदी आज कॅनडात आहेत, ते म्हातारे झाले आहेत. २०१७ साली टोरंटोहून बसने ओटावाला जाऊन त्यांनी भारतीय उच्चायुक्तालयासमोर आपली मागणी मांडली. त्यांना मुख्यतः पैसा नको आहे. ‘चूक झाली’ एवढे शब्द हवे आहेत. ते शब्द अजून आलेले नाहीत.

आमच्या विहाराची पुढची सभा येत्या पौर्णिमेला आहे. मागच्या सभेत बाजूस सारलेला ठराव मी पुन्हा ठेवणार आहे. तो जसाच्या तसा येथे देतो, म्हणजे ज्यांना आपल्या गावी, आपल्या वॉर्डात तो मांडावयाचा असेल त्यांस सोयीचे होईल :

‘ही सभा असे ठरविते की, १९६२ सालापासून चिनी वंशाच्या भारतवासीयांना केवळ जन्माच्या कारणावरून, खटल्याशिवाय, देवली येथे डांबण्यात आले, याबद्दल भारत सरकारने संसदेत त्यांची माफी मागावी; पूर्वजांच्या नागरिकत्वावरून भारतीय नागरिकास शत्रू ठरविणाऱ्या तरतुदी रद्द कराव्यात; आणि या वस्तीतील कोणाही व्यक्तीने कोणाचाही त्याच्या चेहऱ्यावरून अपमान केल्यास, त्याच्या तक्रारीस या विहाराची समिती साहाय्य करील, मग अपमान करणारा समितीच्या सभासदाचा मुलगा का असेना.’

ठरावाच्या कागदावर सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा अद्याप कोरी आहे.